वाढत्या अंगाचा स्वेटर

केसरमावशीला कुणी विचारलं, तुमचा धंदा काय, तर ती सांगते, "पोरं वाढत्यात, आमी मागून विणत जातो." विचारणाऱ्याला वाटतं, बाई मोठी गमतीची आहे. बाई गमतीची अजिबात नाही. मी तिच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली आहेत आणि तिचं हसणं बोटांवर मोजता येईल. पण माझं जे काही बरं झालं ते त्या बाईमुळे झालं, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर ती म्हणाली असती, "टाके बघ, टाके." म्हणून इथं लिहिते.

पुंडलिकनगरात पाण्याच्या टाकीकडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत तिचं दुमजली घर आहे. वर राहणं, खाली हॉल. हॉलच्या दारावर 'केसर निटवेअर्स' अशी पाटी आहे. पाटी तिच्या नवऱ्यानं, म्हणजे अप्पारावांनी लावली. मावशीचा पाटीला विरोध होता, कारण तेव्हा आत एकच मशीन होतं आणि तेही निम्मा वेळ बंद असायचं.

त्या मशीनची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी तिथं हजर होते असंच वाटतं. अप्पाराव स्टेशनकडच्या एका होजिअरीच्या शेडमध्ये तेलपाणी करायला होते. शेड बंद पडली, मालक गाव सोडून गेला आणि मशीनं भंगारात गेली. काही महिन्यांनी अप्पाराव शहागंजाकडे काही घ्यायला गेले, तर भंगारवाल्याच्या दारात त्यांना त्यांचंच एक मशीन दिसलं. ओळखीचं माणूस रस्त्यात बसलेलं दिसावं तसं झालं म्हणे. त्यांनी ते हातगाडीवर घातलं आणि ढकलत घरी आणलं. मावशीनं कितीतरी दिवसांपासून शिलाईचं मशीन मागितलं होतं. दारात हे गंजलेलं धूड बघून तिनं दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी तिनंच पान्हा हातात घेतला. मशीनला तीनशेच्या वर सुया होत्या. एकेक काढून तिनं रॉकेलमध्ये भिजवली, जुन्या साडीनं पुसली आणि परत बसवली. अप्पारावांना तेल कुठं घालायचं तेवढं ठाऊक, विणायचं कसं ते दोघांनाही नाही. मग तिनं थंडीत रस्त्याकडेला लागणाऱ्या तिबेटी दुकानातून एक स्वेटर विकत आणला आणि तो बसून उसवायला घेतला. गळा सुटला, मग खांदे, मग छाती, मग कंबर आणि सगळ्यात शेवटी खालचा काठ. जे आधी सुटलं ते आधी विणायचं, असा तिनं सरळ हिशोब लावला.

आता विणकामातलं ज्याला काही कळतं तो इथं कपाळावर हात मारून घेईल. स्वेटर विणतात खालच्या काठापासून वर, आणि म्हणूनच तो उसवताना वरून खाली सुटतो. जगभर हीच रीत. केसरमावशी एकटी खांद्यापासून सुरू करून काठावर संपवू लागली. दोन वर्षांनी लुधियानाकडचा एक लोकरवाला आला, त्यानं तिचं काम बघितलं आणि पोट धरून हसला. अप्पारावही म्हणाले, "आधी कळस मग पाया, असं झालं आपलं."

पण तोवर मावशीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या मुलीचा शाळेचा स्वेटर वर्षात आखूड झाला. मावशीचा काठ शेवटी विणलेला, तेव्हा तो सुटायलाही सगळ्यात आधी तयार. तिनं काठ उसवला, टाके परत मशीनच्या सुयांवर चढवले, दोन इंच विणलं आणि नवा काठ घातला. बाह्यांचंही तसंच. पोरगी तोच स्वेटर आणखी दोन हिवाळे घालून फिरली. ही बातमी गल्लीत कळली आणि मग पुंडलिकनगरात पसरली. दिवाळी झाली की आया पिशवीतून आखूड स्वेटर घेऊन दारात उभ्या. या कामाला आमच्याकडे 'वाढ' म्हणतात. वाढीसाठी रंग तोच लागतो, म्हणून मावशी रंगाच्या प्रत्येक घाण्यातली थोडी लोकर दुधाच्या पावडरीच्या डब्यात जपून ठेवते, डब्यावर शाळा आणि साल लिहून. लोकर म्हणायची आपली, असतं ॲक्रिलिकच. पण खरी लोकर जपावी तशीच ती जपते.

आणि एक रीत होती. ती नीट सांगते, कारण पुढं आम्ही बुडालो ते त्या रीतीत. मावशी माप घेताना उंचीत आणि बाहीत दोन इंच जास्त धरायची, पण बोलायची नाही. कागदावर वेगळं लिहायचीही नाही. पंधरा म्हणून पुकारायची आणि सतरा लिहायची. मी नवीन असताना विचारलं, तर म्हणाली, "गप लिही." पुढं कितीतरी वर्षांनी एकदा जेवताना आपणहून सांगितलं. ती लहान असताना तिच्या वडलांनी तिला शाळेचा फ्रॉक घ्यायला दुकानात नेलं. दुकानदार भरल्या गिऱ्हाइकात म्हणाला, "मोठाच घ्या, पुन्हा कवा घेणार तुमी?" वडलांनी मोठाच फ्रॉक घेतला.

"द्यायचं ते मुकाट द्यावं," मावशी म्हणाली. "आईबापाला त्यांची गरिबी बोलून दाखवू नाय."

मी तिच्याकडे आले ती करमाडहून. आमच्या घरची शेती, पण भावकीत वाटे होऊन उरली बांधापुरती. माझा नवरा सांडू शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला, मुलीच्या शाळेसाठी आम्ही शहरात खोली केली, आणि मी काम शोधत मावशीच्या दारात उभी राहिले. दहावी नापास, हातात कला म्हणावी तर भाकरी तेवढी गोल. मावशीनं माझी बोटं बघितली. "बारीक हायत," म्हणाली, "बस."

माझ्या सासूबाई, आशाबाई, त्यांनी कामाला जायला परवानगी दिली, पण एक अट घातली. "काम कर, पर तिथलं पाणी पिऊ नको." मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मी रोज घरून बाटली न्यायची आणि चहा आला की पित्ताचं कारण सांगायची. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली मी माझी बाटली घेऊन. मावशीला पहिल्या दिवशीच कळलं असणार. ती एका शब्दानं काही बोलली नाही, आणि जोडकाम शिकवायला मात्र तिनं मलाच निवडलं.

जोडकाम म्हणजे पुढचा भाग, पाठ आणि बाह्या एकमेकांना जोडणं. गोल तबकडीवर काटे असतात, त्या प्रत्येक काट्यावर दोन्ही भागांचा एकेक टाका चढवायचा. एक टाका चुकला की धुतल्यावर तिथून वीण शिडीसारखी सुटत जाते. पहिले चार महिने माझे टाके चुकायचे आणि ती सगळं उसवायला लावायची. मी मनातून तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग एका उन्हाळ्यात, अर्धी बाही तबकडीवर चढलेली, घशाला कोरड पडली आणि बाटली रिकामी. उठले असते तर टाके निसटले असते. मावशी तांब्या घेऊन शेजारी उभी होती. मी प्याले. तिनं विचारलं, "अजून देऊ?" मी म्हटलं, द्या. एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून मी बाटली नेली नाही, आणि सासूबाईंना सांगितलं की माझं पित्त बरं झालं.

हळूहळू मशीनं दोनाची चार झाली, बायका सहा झाल्या. नवीन बायकांना मी शिकवायला लागले आणि सुलेखा नावाची एक चेष्टेखोर बाई मला मास्तरीणबाई म्हणू लागली. पुढं सगळ्याच म्हणू लागल्या. दहावी नापास दीपमालाला मास्तरीण म्हणणारी जगात ती एकच जागा. त्या खुर्चीवर बसलं की मी कुणीतरी असायची.

चार वर्षांपूर्वी अप्पाराव गेले. त्यांचा मुलगा बुद्धभूषण वाळूजच्या कारखान्यात होता. चांगली नोकरी सोडून तो घरच्या कामात आला. पोरगा हुशार आणि मनाचा सरळ, फक्त घाई फार. त्याला मोबाईलवर इटलीतल्या एका कुटुंबाच्या स्वेटर कंपनीचा व्हिडिओ सापडला. नवरा-बायकोनं घराच्या तळघरात एका मशीनवर सुरू केलेली, आता तिसरी पिढी चालवते, चकचकीत दिव्यांखाली रांगेनं मशीनं. त्यानं तो आम्हा सगळ्यांना दाखवला. "आपल्यासारखंच हाय ना आई? एका मशीनपासून."

मावशीनं चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "त्यांची बाई कुठंय?"

"कोणती बाई?"

"जोडकामाला बसती ती."

भूषण म्हणाला, "आता मशीनच करते बहुतेक." मावशीनं चष्मा काढून ठेवला.

सहा महिन्यांनी लुधियानाच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेलं इटालियन कॉम्प्युटर मशीन आमच्या हॉलमध्ये आलं. हप्त्यावर. मशीन देखणं होतं, खोटं कशाला बोलू. बटण दाबलं की पाठ विणून बाहेर. पण मावशीनं हट्ट धरला, "ह्यानं पण वरून खाली विणलं पाहिजे." बसवायला आलेला मिस्त्री वैतागला. जगात कुणी असं करत नाही, म्हणाला. मावशी म्हणाली, "जगातल्या पोरांचं मला काय माहीत. आमची वाढत्यात." दोन दिवस डोकं खाजवून त्यानं ते जमवलं. फक्त शेवटचा काठ बंद करायचं काम आमच्या हातांना उरलं. भूषणला ते आवडलं नव्हतं, पण आईपुढं त्याचं चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात बायपासपलीकडच्या एका मोठ्या शाळेची ऑर्डर मिळाली. सहाशे चाळीस स्वेटर, एक डिसेंबरला पोचवायचे. शाळेची अट अशी की फिटिंग अंगाबरोबर पाहिजे. गेल्या वर्षीचे स्वेटर ढगळे होते, पालकांनी तक्रारी केल्या होत्या. भूषणनं आम्हा सहाजणींना बसवून स्पष्ट सांगितलं, "ताई, ही ऑर्डर नीट गेली तर आपण चाललो. नाय गेली तर मशीन परत, आन् हॉल मी क्लासवाल्याला भाड्यानं देणार. माझ्यानं दुसरं काय होणार नाय." वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यानं नोकरी सोडली होती.

एवढं मोठं काम एकट्या मावशीच्यानं होण्यासारखं नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच वाटून घेतलं. शाळेत जाऊन मापं मी घेतली. खेळाचे साहेबराव सर शिट्टी वाजवून एकेक वर्ग उभा करायचे आणि मी टेप लावायची. त्या मापांचे आठ साइज मावशीनं पाडले. ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भूषणनं भरले. मशीन खडखडत राहिलं आणि आमच्यापुढं निळे भाग थप्पीनं येत राहिले. आम्ही खूश.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला दुपारी सुलेखानं चौथीच्या मापाचा पहिला स्वेटर जोडून संपवला आणि चेष्टा म्हणून स्वतःच्या अंगात घालायला गेली. सुलेखा लहान चणीची, पण चौथीतली नव्हे, तिची मुलगी बारावीला आहे. रुंदीला अडला, पण उंचीला आणि बाहीला तो तिला बरोबर बसला. ती आरशापुढं उभी राहिली आणि हसता हसता थांबली. भूषणनं टेप आणला. शाळेनं अटीसोबत दिलेल्या तक्त्यापेक्षा लांबी पाच इंच जास्त. दुसरा साइज काढला, पाच इंच. तिसरा काढला, पाच. तोवर साडेतीनशेच्या आसपास स्वेटरचे भाग विणून झाले होते.

पाचातले दोन इंच माझे होते. ते मला त्याच क्षणी कळलं. शाळेतलं पोर समोर उभं राहिलं की माझ्या तोंडात एक आकडा आणि पेन्सिलीत दुसरा, एकोणीस वर्षांची सवय. शाळेनं बजावलेलं असताना मी सहाशे चाळीस पोरांना मुकाट दोन-दोन इंच वाढवून ठेवलं होतं. उरलेले तीन कुठून आले ते कळेना, पण माझी मान खाली जायला दोन पुरेसे होते.

भूषण मिस्त्र्याला फोन लावून ओरडत होता. "मशीन चुकतंय! सगळ्या साइजला पाच इंच!" पलीकडून मिस्त्री सांगत होता, जे भरलं तेच विणलं असणार. भूषण ऐकेना. मशीन खराब दिलं, फसवलं, असं म्हणून त्यानं फोन आपटला आणि डोक्याला हात लावून बसला. "संपलं," म्हणाला. मावशी खिडकीशी काठ बंद करत होती. तिनं मान वर केली नाही.

मी गप्प बसले. हे मला लिहायलाच हवं. मशीनचा दोष निघत होता आणि मशीन काही उलटून बोलणार नव्हतं. घरी गेले, स्वयंपाक केला, मुलीनं दोनदा विचारलं, आई काय झालं, तिच्यावर खेकसले. बोलले तर खुर्ची जाते. नाही बोलले तर भूषण त्या मिस्त्र्याशी भांडत बसेल, दिवस जातील, आणि मग सगळ्याच खुर्च्या जातील.

सकाळी मी चप्पल काढायच्या आधीच बोलले. "भूषण, मशीनची चूक नाय. दोन इंच मी वाढवलेत. सवयीनं. तुला काय करायचं ते कर."

खिडकीपासून मावशीचा आवाज आला. "दोन माझे पण हायत. साइज पाडताना धरले."

भूषणनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. मग त्याचे कान लाल झाले. "एक मी घातला," तो म्हणाला. "धुतल्यावर आटंल म्हणून."

तीन तिघाडा, काम बिघाडा! सुलेखाला हसू फुटलं, तिनं तोंडात पदर कोंबला, आणि मग आम्ही सगळ्याच हसलो. हसावं की रडावं ते कळत नव्हतं म्हणून हसलो. तिघांनी मुकाट्यानं माया केली होती आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अति तिथं माती म्हणतात, ती आमच्या हॉलमध्ये साडेतीनशेच्या थप्पीनं रचून ठेवलेली होती.

पहिली सावरली ती मावशी. "काठ खाली हाय का वर?" तिनं विचारलं.

"खाली," मी म्हटलं.

"मग उसवा की. रडताय कशाला?"

दुसऱ्या कुणाचा माल असता तर तो फेकून द्यावा लागला असता. आमचा काठ शेवटी घातलेला, तो सोडला की वरची वीण शाबूत. पाच इंच उसवायचे, टाके सुयांवर चढवायचे आणि नवा काठ विणायचा. इटालियन मशीन यात काही कामाचं नव्हतं. अर्धवट विणलेला भाग ते घेतच नाही, त्याला सगळं नव्यानं लागतं. त्याला आम्ही उरलेले स्वेटर विणायला लावलं, खऱ्या मापानं. जुने भाग गेले अप्पारावांच्या हातगाडीवरून आलेल्या मशीनवर आणि त्याच्या भावंडांवर.

तिथंही मायलेकांचं एकदा वाजलं. मावशी म्हणत होती, तीनच इंच काढा, दोन राहू द्या, पोरं वाढत्यात. भूषण म्हणत होता, आई, शाळेनं लिहून दिलंय. शेवटी मी मध्ये पडले. "मावशी, पाचही काढू. सुटलेली लोकर वर्गावार डब्यात ठेवू. पुढच्या साली आणतील तवा त्यांचीच लोकर त्यांना लावू." मावशीनं थोडा विचार केला. "वर्गाचं नाव मोठं लिही," म्हणाली.

पुढचे अकरा दिवस आम्ही मान वर केली नाही. सांडू कारखान्यातून आला की आमचा सगळ्यांचा डबा घेऊन यायचा. आणि कधी नव्हे त्या माझ्या सासूबाई एकदा गरम भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन स्वतः आल्या, उंबऱ्यात घुटमळल्या, मग आत येऊन बसल्या आणि लोकरीचे गुंडे करत राहिल्या. चहा आला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. कप रिकामा परत गेला. भूषणही टाके उचलायचा आकडा घेऊन आमच्या रांगेत बसला. लहानपणी आईजवळ बसून शिकलेलं त्याच्या हातात अजून होतं. पहिल्या दिवशी त्याचे टाके निसटले, तेव्हा मी त्याला उसवायला लावलं. मालक असला म्हणून काय झालं.

एक तारखेला सकाळी टेम्पो शाळेत पोचला. साहेबराव सरांनी कुठलेही दहा स्वेटर काढले, दहा पोरं उभी केली आणि घालून बघायला लावले. मग स्वतः टेप लावला. मावशी माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट धरलेलं होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या वर्षीचंही तुम्हीच बघा." भूषण तोंड फिरवून टेम्पोच्या मागं गेला. मला वाटतं, रडला.

हॉल राहिला, मशीन राहिलं आणि सहाही खुर्च्या राहिल्या. मला तेवढं खूप होतं. मी माझ्या देवाचे आभार मानले आणि मावशीच्या भिंतीवरच्या दोन्ही फोटोंनाही हात जोडले.

जानेवारीत एका सोमवारी मावशी म्हणाली, "उद्या आधार कार्ड आन् दोन फोटो घेऊन ये. क्रांती चौकात जायचंय." मी समजले, विम्याचं काही असेल. चौकातल्या एका इमारतीत जिना चढून वकिलाच्या ऑफिसात गेलो. भूषण आधीच येऊन बसला होता. कारकुनानं कागद पुढं केले आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. केसर निटवेअर्सचे भागीदार तीन. केसरबाई अप्पाराव खरात. बुद्धभूषण अप्पाराव खरात. दीपमाला सांडू पठाडे.

कारकुनानं मान वर करून दोन्ही आडनावांकडे परत बघितलं आणि मावशीला विचारलं, "या तुमच्या कोण?"

"नात्याचा रकाना हाय का कागदात?"

"नाही, असंच विचारलं."

"मग सही कुठं करायची ते सांगा."

माझ्या हातात पेन आलं, ते मी परत टेबलावर ठेवलं. मी हळूच म्हटलं, "मावशी, मला कशाला? चूक तर मीच केली."

मावशीनं चष्मा काढला. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती. "सुलेखानं त्यो स्वेटर अंगात घातला ना दीपा, तवाच मला कळलं व्हतं, दोन माझे हायत म्हणून. भूषण मशीनला नावं ठेवत व्हता, आन् मी ऐकत बसले. म्हणलं, मशीनला काय लाज हाय. तुझं पोट त्या खुर्चीवर, तरी तू बोललीस. मी घरची मालकीण आन् तुझ्या मागून बोलले. चुकलं तवा जो पहिला बोलतो त्यो मालक. कागदावर नको का तसं?"

भूषण जमिनीकडे बघत होता. त्याला हे आधीच सांगितलेलं असणार. माझ्या डोळ्यांतून जे वाहायला लागलं ते थांबेना, त्या अनोळखी कारकुनासमोर, नाक पुसायला रुमालही नव्हता.

"बाजूला हो," मावशी म्हणाली, "कागद भिजंल." आणि तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. मग मी सही केली.